नदी डोंगरात राहते

२०२३च्या जुलैत, २२ तारखेच्या आसपास, बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्यावरून पाण्याचे लोंढे उतरले. पिकांसकट माती खरडून गेली, रस्ते तुटले. त्याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. त्यानंतर लागलेला ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. ज्या सोयाबीनच्या मुळाशी जुलैत पाणी साचलं होतं, तेच सोयाबीन पुढच्या महिन्यात माना टाकायला लागलं. हंगाम संपला तेव्हा देशाचा एकूण आकडा ९४ टक्के आला. कागदावर तसं फार वाईट वर्ष नाही.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेजारचे काकाजी दरवर्षी दिवाळी झाली की एकच प्रश्न विचारतात, "पानी तं पयल्याइतकंच पडते ना बापा, मंग नदी कावून आटते?" त्यांच्या लहानपणी आमच्या नाल्याला होळीपर्यंत धार असायची. आता संक्रांतीला गोटे उघडे पडतात. काकाजींना मी दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देत आलो. हा लेख म्हणजे ते उत्तर एका जागी.

उत्तर नदीत सापडत नाही, त्यासाठी वर डोंगराकडे बघावं लागतं. पावसाचे चार महिने संपल्यावर नदीत जे वाहतं ते आकाशातून आलेलं नसतं. ते डोंगराच्या पोटातून हळूहळू पाझरत आलेलं असतं. म्हणजे हिवाळ्यात आपण जिला नदी म्हणतो, ती खरं तर डोंगरात साठलेल्या पावसाची उरलेली शिल्लक असते.

नदी आणि हवामानबदल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं हिमालयातला बर्फ येतो. साहजिक आहे. तिथं हिमनद्या हाच साठा. जगाचं तापमान दीड अंशावर रोखलं तरी हिंदुकुश-हिमालयातल्या सुमारे एक तृतीयांश हिमनद्या या शतकाच्या अखेरपर्यंत जातील, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१९ साली मांडला. बर्फ वितळून तयार झालेली तळी फुटतात, ४ ऑक्टोबर २०२३ला सिक्कीममध्ये फुटलं तसं. पण हिमालयाची आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा कमी होते आणि जी मला आपल्या जास्त जवळची वाटते. तिथल्या डोंगरातल्या बहुतेक गावांचं पिण्याचं पाणी हिमनदीतून येत नाही, झऱ्यांतून येतं. आणि नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार भारतीय हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटले आहेत किंवा आटत चालले आहेत. बर्फ बाजूला ठेवा. ही गोष्ट तर आमच्या डोंगरातल्या मेळघाटचीच झाली.

आता आपला डोंगर. सातपुड्याचा हा भाग म्हणजे गाविलगडची रांग. वैराटचं टोक ११७८ मीटर उंच, आणि खाली दर्यापूर-अकोटची सपाटी ३००च्या आसपास. पावसाचे ढग या भिंतीला अडतात, म्हणून चिखलदऱ्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि खाली अकोल्याला जेमतेम त्याच्या निम्मा. उत्तर-पश्चिमेच्या उतारावरून सिपना, गाडगा, डोलार, खापरा, खंडू तापीकडे जातात. दक्षिण उतारावरून चंद्रभागा, शहानूर, वाण अशा नद्या पूर्णेला मिळतात, आणि पूर्णा पुढं चांगदेवला तापीत जाते. याच डोंगररांगेत थोडं पूर्वेला, मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ तर गंमतच आहे. तिथं तापी उगमते ती अरबी समुद्राला जाते आणि तिथून जवळच वर्धा उगमते ती वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला. एकाच पठारावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पश्चिम विदर्भाचं पाणी ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानं नकाशा घेऊन आधी मुलताईवर बोट ठेवावं.

हा डोंगर पाणी साठवतो कसा? विहीर खोदणाऱ्यांना हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थर करून पसरला, टोपलीत भाकरीची चवड असते तसा. प्रत्येक थराच्या वरच्या भागात हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकं आहेत, त्याला मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीचा गेरूसारखा पट्टा लागतो. पावसाचं पाणी वरच्या मातीतून, मुरुमातून, मांजऱ्यातून खाली उतरतं. घट्ट पाषाण किंवा लाल पट्टा आडवा आला की त्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकत सरकत डोंगराच्या कडेला बाहेर पडतं. तोच झरा. अशा शेकडो झऱ्यांचं आणि नुसत्या ओलसर भेगांचं पाणी एकत्र आलं की नाला, आणि नाले मिळून सिपना किंवा शहानूर.

पण या खडकाची साठवण तुटपुंजी आहे. वाळूच्या थरात जितकं पाणी मावतं त्याच्या मानानं बसाल्टात फारच कमी. भेगा आणि भोकं सोडली तर बाकी सगळा नुसता दगड. पडलेल्या शंभर थेंबांतले ढोबळ मानानं दहाच्या आसपास थेंब या खडकात मुरतात. त्यामुळं इथं किती पाऊस पडला यापेक्षा तो कसा पडला याला जास्त महत्त्व येतं, आणि हवामानबदलानं नेमका तोच बदलला आहे.

हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. घागर मोठी झाली असं समजा. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून पावसात लांब खंड पडतात. आणि ती लवंडली की सगळं अंगण वाहतं. शिवाय अरबी समुद्र तापलेला असल्यानं त्या बाजूनं येणारं बाष्प मध्येच उसळी मारून येतं. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दिवसाला १५ सेंटिमीटरहून जास्त पडणारा हा पाऊस. आणि हे होत असताना एकूण मोसमी पाऊस वाढला नाही, उलट थोडा घटला. काकाजींचं म्हणणं म्हणून अर्धं बरोबर आहे. बेरीज साधारण तीच, पण हप्ते मोडले.

याचा डोंगरावर काय परिणाम होतो ते एक एकरावर करून बघू. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार लाख लिटर पाणी. हेच चार लाख लिटर आठवडाभर झडीनं पडले तर पालापाचोळा भिजतो, माती भिजते, मुरूम पितो, आणि त्यातल्या त्यात जास्त वाटा खडकाच्या भेगांपर्यंत पोचतो. आमच्याकडे झड लागली म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, चुलीजवळ कपडे वाळवावे लागायचे, आणि आजी म्हणायची, "झडीचं पानी जमिनीले लागते." हेच चार लाख लिटर तीन तासांत ओतले गेले तर जमिनीच्या तोंडात घास मावत नाही. पाणी उतारावरून सुटतं, सोबत माती नेतं, संध्याकाळी नदीला पूर असतो आणि दोन दिवसांनी नदी पुन्हा घोट्याएवढी. पावसाच्या वहीत दोन्हीकडे १०० मिलिमीटरच लिहिलं जातं.

सपाटीवरच्या काळ्या जमिनीचं तर वेगळंच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्या भेगांतून थेट खोल उतरतात. एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि ती पाणी घेणं जवळजवळ बंद करते. म्हणजे खालच्या काळ्या कसदार जमिनीतून भूजल भरेल ही आशा मुळातच थोडी. भरण्याचं काम डोंगर आणि डोंगराचा पायथा यांनीच करायचं असतं.

त्यात उष्णता. मे महिन्यात आमच्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटरहून जास्त पाणी उडून जातं. तलावात महिन्याला फूटभर पाणी कुणीही न उपसता कमी होतं. तापमान वाढलं, उन्हाळा लवकर सुरू झाला की हा खर्च वाढतो, आणि मातीतली ओलही तशीच उडते. मग जूनचा पहिला पाऊस आला की त्यातला मोठा भाग तहानलेली माती स्वतःच पिते. खडकापर्यंत पोचायला आणखी काही पाऊस लागतात.

सगळा दोष हवामानाच्या माथी मारणं मला पटत नाही. हवामानानं पावसाचे हप्ते मोडले, तर आपण डोंगराची झोळी फाडली. जंगलातली माती पोकळ असते. सडलेला पाला, गांडुळं, वाळव्या, मेलेल्या मुळांच्या नळ्या, या सगळ्यांतून पाणी आत जातं. झाड स्वतःही पाणी पितं, हे खरं. घाईघाईनं नुसती झाडं लावली की झरे वाहू लागतात असं नाही. पण साग उन्हाळ्यात पानं टाकून देतो आणि खर्च कमी करतो, आणि ओढ्याकाठचा कहू, म्हणजे अर्जुन, काठाची माती धरून ठेवतो. याउलट वणवा लागला की पाल्याची गादी एका रात्रीत राख होते आणि पहिल्याच पावसाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळून तिचं तोंड लिंपून टाकतात. गुरांच्या खुरांनी दाबलेली टेकडीही तशीच बंद होते. म्हणूनच तर चिखलदऱ्यासारख्या दीड हजार मिलिमीटरच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. खडीमल गावात टँकरचं पाणी विहिरीत ओतायचं आणि विहिरीच्या काठावरून सगळ्या गावानं दोर सोडायचे, हे चित्र २०२२च्या उन्हाळ्यात देशभर दिसलं. पावसाच्या दृष्टीनं श्रीमंत गाव, आणि झोळीत काही नाही.

याच डोंगरावरचा नरनाळ्याचा किल्ला पाहा. उंच कातळावर, नदी नाही, ओढा नाही, तरी मोठी शिबंदी तिथं राहायची. कारण किल्ल्यावर जागोजागी तलाव आहेत आणि पावसाचं पाणी वळवून त्यांत आणायची दगडी व्यवस्था आहे. पाणी पडलं त्याच उंचीवर थांबवायचं, हे त्या लोकांना पक्कं कळलेलं होतं.

आता पायथ्याकडे येऊ, कारण विदर्भाच्या पाण्यातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा तिथं आहे. डोंगर जिथं एकदम संपतो तिथं नद्यांनी लाखो वर्षं गोटे, खडी, रेती आणून टाकली आहे. डोंगराला समांतर असा हा गोट्यांचा पट्टा. भूगर्भशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेली नदी या पट्ट्यात आली की बघता बघता पात्रातच गडप होते. लहानपणी मला वाटायचं नदी मेली. ती खाली उतरलेली असते. इथलं पाणी गोड, भरपूर, आणि दक्षिणेकडे जमिनीखालून सरकणारं.

दक्षिणेला काय आहे? खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं, जिथं विहिरीचं पाणी खारट, पिता येत नाही आणि ओलिताला वापरलं तर काळी जमीन चोपण, म्हणजे खारवून घट्ट होते. तिथल्या माणसाच्या घशाला गोडं पाणी लागतं ते डोंगराकडूनच येतं. शहानूर धरणाचं पाणी नळानं दर्यापूरकडे जातं, वाण धरणाचं तेल्हारा-अकोटकडे. म्हणजे वर जंगलात पाला जळला तर त्याचा हिशेब साठ-सत्तर किलोमीटर खाली, ज्या बाईनं कधी मेळघाट पाहिला नाही तिच्या हंड्यात लागतो.

आणि या गोड्या पट्ट्यावर आपण संत्र्याच्या बागा उभ्या केल्या. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव. मी हे टीका म्हणून लिहीत नाही; संत्र्यानं आमच्या भागातली पोरं शिकवली, घरं बांधली. पण आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरला की झाडाला ऐन मार्च-एप्रिल-मेमध्ये पाणी लागतं, म्हणजे साठा सर्वांत कमी असताना. पूर्वी विहिरीवर भागायचं, मग बोअर आले, मग बोअर शेकडो फूट खाली गेले. वरूड तालुका अतिशोषित म्हणून नोंदला गेला, म्हणजे दरवर्षी जमिनीत जितकं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. खोल बोअरचं एक दिसत नाही असं नुकसान आहे. वरच्या थरातलं पाणी बोअरच्या भोकातून खाली निसटतं, आणि जे आडवं सरकून झऱ्याला आणि नाल्याला मिळालं असतं ते मिळत नाही. तापमान वाढलं की झाडाची तहान वाढते, फळगळ होते, म्हणून आपण आणखी उपसतो, म्हणून नाला आणखी लवकर आटतो. मृग बहाराचं गणितही खंड पडणाऱ्या पावसानं बिघडवलं आहे. या पावसाळी बहारासाठी झाडाला आधी पाण्याचा ताण देतात; तो तोडायला जूनमध्ये पाऊस हवा आणि नंतर तो टिकून राहायला हवा.

रेतीबद्दल थोडं. एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद, दोन मीटर खोल रेतीचं पात्र म्हणजे एक लाख घनमीटर रेती. तिच्यात २० टक्के जागा पाण्याची धरली तरी दोन कोटी लिटर पाणी, उन्हापासून झाकलेलं. उन्हाळ्यात नदीत झिरा खोदून वाटीनं हंडा भरणाऱ्या बायांना हे माहीत होतं. रेतीघाटावरून ट्रक भरून जातो तेव्हा त्या ट्रकबरोबर ही टाकीही जाते.

पूर्व विदर्भाची गोष्ट थोडी वेगळी. तिथं पाऊस जास्त, कोहळी समाजानं बांधलेले मामा (मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, पाणी अडवायच्या. पण वैनगंगाही सातपुड्याचीच, मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येणारी. २०२० साली ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत वर जोराचा पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि भंडारा, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडची गावं पाण्यात गेली. खाली त्या दिवशी कितीतरी ठिकाणी पाऊस नव्हता. १९९१च्या जुलैत वर्धा नदीकाठच्या मोवाडनं पुरात जे भोगलं ते आमच्या आधीची पिढी अजून आवाज खाली करून सांगते. डोंगरात ढग कसा फुटतो हे बदलत असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसावर बेतलेली धरणांची वेळापत्रकं आणि पूररेषा पुन्हा तपासायला हव्यात, आणि वरच्या राज्याचा निरोप खालच्या सरपंचापर्यंत काही तासांत पोचायला हवा. यात टाळाटाळ झाली की माणसं मरतात.

मग करायचं काय? पाणी अडवायची कामं आपल्याकडे खूप झाली, काही फार चांगली झाली. पण नाला खोलीकरणाचं मला भय वाटतं. मशीन लावून नाला पाषाणापर्यंत खणला की फोटोत पाणी छान दिसतं, मात्र काठावरच्या मुरुमातलं पाणी त्या खड्ड्यात उतरून उन्हानं उडतं आणि शेजारच्या विहिरी लवकर खाली जातात. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवं: आधी वर समतल चर आणि गवत, मग दगडी बांध, मग खाली बंधारा. सिक्कीमनं २००८पासून झऱ्यांवर जे काम केलं त्यातली एक शिकवण फार मोलाची आहे. झऱ्याचं पाणी नेहमी झऱ्याच्या डोक्यावरूनच येतं असं नाही. खडकाचे थर ज्या बाजूला कललेले असतील त्यावरून ठरतं. मुरण्याची जागा टेकडीच्या पलीकडच्या अंगालाही असू शकते. आधी ती जागा भूगर्भ जाणणाऱ्याकडून शोधायची, आणि चर तिथं खणायचे.

आपल्याकडचं उदाहरण पायविहीरचं. मेळघाटच्या पायथ्याचं छोटं गाव, नावातच विहीर. २०१२ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर लोकांनी स्वतः चर खणले, झाडं लावली, चराई आणि आग आवरली. दोन वर्षांत, २०१४ साली, जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्याकडे आला. मला त्यात पुरस्कारापेक्षा हक्काचं मोल जास्त वाटतं. टेकडी आपली आहे असं कागदावर आलं की वणवा विझवायला रात्री दोन वाजताही माणसं निघतात.

मोठ्या योजनेतही पायथ्याच्या त्या गोट्यांच्या पट्ट्याची आठवण झाली आहे. तापीचं पाणी वळवून या पट्ट्यात मुरवायचं, अशा महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात १० मे २०२५ला भोपाळमध्ये झाला. कल्पना भूगर्भाला धरून आहे. मात्र गढूळ पाणी आलं तर गोट्यांमधल्या फटी गाळानं बुजतात, आणि गाळ येतो उघड्या डोंगरावरून. म्हणजे तिथंही वरच्या जंगलाचं काम आधी.

तोवर गावानं करण्यासारखं एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. झरा मोजा. १० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. समजा बादली ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर ३९२ माणसांचं पाणी झालं. दर पंधरवड्याला मोजायचं, तारीख लिहायची, शेजारी त्या पंधरवड्याचा पाऊस लिहायचा. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी धार वाढते, आणि पाऊस थांबल्यावर ती किती दिवस टिकते, हे दोन आकडे हाती आले की डोंगराची झोळी केवढी उरली आहे ते कळतं. मागच्या पावसाळ्यानंतर काकाजींनी ही वही सुरू केली आहे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर, निळ्या पेननं.